खोऱ्याला दारं किती?

अ‍ॅपॅटोसॉरस जातीची एक आई आपल्या पिल्लाला रस्ता समजावून सांगते. डोक्यावरून रोज एक तेजस्वी वर्तुळ जातं. ते जिथे जमिनीला टेकतं त्या दिशेने चालत राहायचं, आणि असं कितीतरी दिवस चालायचं. वाटेत लांब मानेच्या प्राण्यासारखा दिसणारा एक खडक लागेल, नंतर जळते डोंगर लागतील. ते मागे टाकले की ग्रेट व्हॅली. तिथे पोटभर हिरवा पाला आहे, गोडं पाणी आहे आणि शार्पटूथ, म्हणजे टी-रेक्स, नाहीत. पुढे ती आई अशाच एका शार्पटूथशी झुंजताना जिवाला मुकते. तिच्याकडून मिळालेली एवढीच तोंडी माहिती घेऊन लिटलफुट नावाचं ते पिल्लू चालायला लागतं.

'द लँड बिफोर टाइम' या मालिकेत याहून नेमका पत्ता नंतर कधी कुणी कुणाला दिलेला नाही. १९८८ सालचा मूळ चित्रपट, १९९४ ते २०१६ या काळात आलेले १३ उत्तरभाग आणि मध्येच २००७-०८ मधली २६ भागांची दूरचित्रवाणी मालिका, एवढा हा पसारा आहे. लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर यातलं बरंचसं पाहिलेली मंडळी मोठेपणी याचा नकाशा काढायला बसतात. पहिलं अर्धं पान भरभर भरतं. दुसऱ्या चित्रपटापाशी खोडरबर लागतं आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत कागद फाटायची वेळ येते.

असं का होतं, याचं सोपं उत्तर निर्मितीच्या इतिहासात आहे. मूळ चित्रपट डॉन ब्लूथ यांनी डब्लिनच्या स्टुडिओत केला. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास हे त्याचे कार्यकारी निर्माते. पुढच्या एकाही भागाशी ब्लूथ यांचा संबंध नव्हता. दुसरा, तिसरा आणि चौथा भाग रॉय अ‍ॅलन स्मिथ यांनी केला, पाचव्यापासून बाराव्यापर्यंतचे चार्ल्स ग्रोव्हनर यांनी, तेरावा जेमी मिचेल यांनी आणि चौदावा डेव्हिस डोई यांनी. हे उत्तरभाग थेट घरी बघायच्या व्हिडिओसाठी निघत. नवी गोष्ट आली की तिच्या गरजेपुरता नवा डोंगर, नवी नदी, नवं बेट यायचं. इथवर नवल काही नाही. पण एवढ्यावर प्रश्न सोडून दिला तर मजा निघून जाते. कारण नीट पाहिलं तर नकाशा सगळीकडे सारखाच विस्कटत नाही. काही ठरावीक जागीच तो फाटतो, आणि त्या जागांमागे एक कारण आहे.

पहिल्या चित्रपटाचा भूगोल ही एक सरळ रेघ आहे. पूर्वेला ओसाड झालेला मुलूख, पश्चिमेला हिरवं खोरं, मध्ये पाच पिल्लं: लिटलफुट, तीन शिंगांची सेरा, बडबडी डकी, उडायला घाबरणारा पेट्री आणि अंड्यातून नुकताच निघालेला स्पाइक. ग्रेट व्हॅली हा या रेघेचा शेवट. तिथे पोचलं की चित्रपट संपतो, त्यामुळे खोऱ्यापलीकडे काय आहे हे कुणाला सांगावंच लागत नाही. दुसऱ्या चित्रपटापासून तेच खोरं घर बनतं. आता पोरं घरातून बाहेर पडतात, संकटात सापडतात आणि परत येतात. बाहेरच्या सगळ्या मुलखाला मिस्टीरियस बियाँड हे एकच नाव मिळतं. रेघेचं वर्तुळ होतं आणि तिचं शेवटचं टोक वर्तुळाच्या मध्यावर येऊन बसतं. ज्या वाटेला अख्खा चित्रपट लागला होता, तीच आता सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतकी जवळ आल्यासारखी वाटते. नकाशा फाटतो तो नेमका या शिवणीवर.

आधी रेघेचंच पाहू, कारण तीही दिसते तितकी सरळ नाही. सूर्य जिथे मावळतो तिकडे चाला, हा सल्ला ऐकायला पक्का वाटतो. पण सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर जूनच्या शेवटी तो नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून बुडतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेकडे. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका हा झोका वाढतो. ४५ अंश अक्षांशावर तो दोन्ही बाजूंना सुमारे ३४ अंशांचा होतो. आता समजा, याच अक्षांशावरून दोन कळप एकाच ठिकाणाहून निघाले, एक जूनमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. दोघेही रोज १० किलोमीटर, असे महिनाभर, इमानेइतबारे मावळत्या सूर्याकडे चालले. दोघांनी ३००-३०० किलोमीटर अंतर कापलं. शेवटी ते एकमेकांपासून ३०० किलोमीटरहून जास्त दूर असतील! दोघांनीही सूचना तंतोतंत पाळली, आणि तरी खोरं सापडलं तर एकालाच.

हा हिशोब चित्रपट बनवणाऱ्यांच्या डोक्यात असेल असं मला बिलकुल वाटत नाही. पण दहाव्या चित्रपटातलं, म्हणजे २००३ मधल्या 'द ग्रेट लाँगनेक मायग्रेशन'मधलं, एक कोडं त्याने सुटतं. तिथे लिटलफुटला त्याचा बाप भेटतो. ब्रॉन त्याचं नाव. पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या आधीच तो चांगल्या जागेच्या शोधात पुढे गेला होता. परत आला तोवर भूकंपाने घरदार उद्ध्वस्त झालं होतं आणि कुटुंब निघून गेलं होतं. तेव्हापासून तो लेकराला शोधत हिंडतोय, वाटेत अनाथ पिल्लं गोळा करत एका मोठ्या कळपाचा नायक झालाय, आणि एवढं हिंडूनही त्याला ग्रेट व्हॅली सापडलेली नाही. पाच पोरांना जी सापडली ती पूर्ण वाढलेल्या अ‍ॅपॅटोसॉरसला का सापडू नये? तर तो निघाला होता वेगळ्या ऋतूत. त्याचा सूर्य वेगळ्या डोंगराआड मावळत होता. चौदाव्या चित्रपटात याच ब्रॉनचा कळप खोऱ्याकडे भेटीला येतो, कारण आता वाट माहीत झालेली असते. एकदा पाहिलेली वाट आणि ऐकलेली वाट यांत हा फरक राहणारच.

रेघेतली दुसरी अडचण म्हणजे ती भलीमोठी भेग. पहिल्या चित्रपटातल्या भूकंपात जमीन दुभंगते. लिटलफुटचे आजी-आजोबा आणि सेराचे आईवडील पलीकडे राहतात, पिल्लं अलीकडे. चित्रपटाच्या शेवटी दोन्ही बाजू ग्रेट व्हॅलीत भेटतात. म्हणजे ही भेग कुठेतरी संपत असली पाहिजे किंवा कुणीतरी ती ओलांडली असली पाहिजे. सेरा एकदा तिच्या तळाशी उतरते आणि तिथे बेशुद्ध पडलेल्या शार्पटूथला धडक मारून उठवते, हेही आपण पाहतो. तेव्हा ती अथांग नव्हती. भेग साधारण पूर्व-पश्चिम धरली, तर दोन्ही गट तिच्या दोन काठांनी पश्चिमेलाच चालत राहिले असं जुळतं. मोठे आधी पोचले, पिल्लं नंतर. ती उत्तर-दक्षिण असती, तर एका गटाला ओलांडल्याशिवाय पुढे जाताच आलं नसतं. पुढच्या भागांत मात्र या भेगेचं नावही निघत नाही. एवढी दरी ज्या मुलखात आहे तिथे राहणाऱ्यांना ती रोजच्या बोलण्यात एकदाही आठवू नये, हे जरा अतीच.

मूळ चित्रपट अवघ्या ६९ मिनिटांचा आहे. लहान मुलं घाबरतील म्हणून सुमारे १० मिनिटांचं तयार चित्रीकरण कापावं लागलं होतं. प्रवास किती दिवसांचा, हे मोजायला जो आधार हवा तो या कात्रीनेही काढून घेतला. त्यामुळे खोरं जुन्या घरापासून किती दूर आहे, याचा आकडा कुणी ठामपणे सांगू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. माझे वरचे ३०० किलोमीटरही हिशोबापुरतेच.

आता वर्तुळाकडे वळू. ग्रेट व्हॅलीभोवती कड्यांची उंच भिंत आहे, ग्रेट वॉल. या भिंतीवर सगळ्या मालिकेचा डोलारा उभा आहे. भिंत बंद असेल तरच खोरं सुरक्षित. ती उघडी असेल तरच गोष्ट घडणार. मग प्रत्येक चित्रपट येतो तो भिंतीला एक नवं भोक पाडूनच. पहिल्यात पोरं एका गुहेसारख्या बोगद्यातून आत येतात. दुसऱ्यात ऑझी आणि स्ट्रट या अंडीचोरांचा पाठलाग करताना दरड कोसळते, भिंतीला खिंडार पडतं, त्यातून शार्पटूथ आत शिरतात आणि शेवटी ते खिंडार दगडांनी बुजवावं लागतं. आतापर्यंत ठीक. पण चौथ्या चित्रपटात अली नावाच्या पिल्लासकट लाँगनेकांचा, म्हणजे लांब मानेवाल्यांचा, अख्खा फिरता कळप खोऱ्यात येतो आणि कुणाला त्याचं आश्चर्यही वाटत नाही. आठव्यात स्टेगोसॉरसांचा कळप येतो आणि निघूनही जातो. अ‍ॅपॅटोसॉरस सुमारे २१ मीटर लांबीचा, टी-रेक्स जेमतेम १२. ज्या दारातून पहिला जातो त्यातून दुसऱ्याला कोण अडवणार?

इथे बरेच जण हात टेकतात आणि म्हणतात, पोरांचा चित्रपट आहे, सोडून द्या. मला मात्र इथेच खरा भूगोल मदतीला येतो असं वाटतं, कारण अशी जागा पृथ्वीवर आहे. टांझानियातलं एन्गोरोंगोरो. एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा खचून झालेली ही काहील. तळाचं क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, सभोवार सुमारे ६०० मीटर उंचीची कड्यांची भिंत. आत गवत, पाणी आणि हजारो जनावरं. बंद आहे का? नाही. हत्ती, रानम्हशी भिंतीवरच्या वाटांनी ये-जा करतात. उघडं आहे का? तेही पुरतं नाही. जिराफ वरच्या पठारावर भरपूर असूनही तळाशी सहसा दिसत नाहीत. उतार अवघड आणि खाली त्यांच्या आवडीचा झाडपाला कमी, अशी कारणं दिली जातात. लांब मानेवाल्यांनाच खोरं मानवत नाही, हा दैवदुर्विलास लिटलफुटच्या कानावर न गेलेला बरा. आणि सिंहांची गोष्ट त्याहून मासलेवाईक आहे. १९६२ मध्ये चावऱ्या माश्यांचा सुळसुळाट झाला आणि तिथले सिंह मरून मरून दहाच्या आसपास उरले. त्यानंतर बाहेरून नवे सिंह फार थोडे आत आले. जे आत होते त्यांनी बाहेरच्यांना थारा दिला नाही, आणि कळपांमध्ये जवळच्या नात्यातलंच प्रजनन होत राहिलं. सिंहाला भिंत उतरता येत नाही असं मुळीच नाही. तरी आत कोण राहतं यावर बाहेरच्याचं येणं ठरतं.

ग्रेट व्हॅलीला हाच न्याय लावून बघा. दार आहे, सगळ्यांना माहीतही आहे. पण आत शेकडो पूर्ण वाढलेले ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस आणि अ‍ॅपॅटोसॉरस एकत्र नांदतात. सेराचा बाप, तो तापट टॉप्सी, एकटाच एखाद्या शार्पटूथला दोनदा विचार करायला लावेल. खोरं सुरक्षित आहे ते भिंतीमुळे कमी आणि गर्दीमुळे जास्त. दुसऱ्या चित्रपटात शार्पटूथ आत आले तेव्हाही त्यांना परतवलं ते एकत्र आलेल्या मोठ्यांनीच. हा अर्थ लावला की दारांची संख्या वाढली तरी बिघडत नाही. बिघडते फक्त मोठ्यांची ती भाषा, जिच्यात भिंतीच्या आत सगळं चांगलं आणि बाहेर सगळं भयंकर असतं. पण आईबाप पोरांना जे सांगतात ते भूगोलाचं पुस्तक थोडंच असतं!

दार असलंच पाहिजे याचा माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा पाण्याचा आहे. तिसऱ्या चित्रपटात आकाशातून दगड पडतात, त्यानंतर थंडरिंग फॉल्स हा धबधबा आटतो आणि अख्खं खोरं सुकत जातं. पोरं भिंतीबाहेर जातात तेव्हा कळतं की पडलेल्या दगडांनी वरच्या अंगाला पाणी अडवलंय. म्हणजे खोऱ्याचं पाणी बाहेरून, वरून येतं. खोरं सखल आहे. दूरचित्रवाणी मालिकेतल्या एका भागातही वाहतं पाणी असंच नाहीसं होतं. येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त झाला. पण ते जातं कुठे?

चारी बाजूंनी बंद असलेल्या खोलगट जागेत पाणी येत राहिलं आणि बाहेर जायला वाट नसेल, तर ते फक्त उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. लोणारला नेमकं हेच झालंय. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात झरे गोड्या पाण्याचे, पण सरोवर खारट आणि अल्कधर्मी, कारण त्याला निचराच नाही. एन्गोरोंगोरोच्या तळाशीही असंच सोड्याचं मागादी सरोवर आहे. ग्रेट व्हॅलीत मात्र सगळे मनसोक्त पाणी पितात, डकीचं सगळं खटलं त्यात दिवसभर डुंबत असतं आणि काठाने हिरवंगार रान आहे. पाणी गोडं आहे, त्याअर्थी ते वाहून जातं. वाहून जातं, त्याअर्थी भिंत कुठेतरी फुटलेली आहे. एवढ्या पाण्याला जाऊ देणारी फट म्हणजे बऱ्यापैकी रुंद घळ असणार, आणि पावसाळा सोडला तर तिच्या काठाने लाँगनेकांचा कळपही चालत येऊ शकेल. चौथ्या आणि आठव्या चित्रपटातले पाहुणे मी या घळीतूनच आत आणतो. खरं पाहता खोऱ्याचं मुख्य दार तेच असायला हवं. गुहा, खिंडार वगैरे सगळ्या मागच्या वाटा.

आणि ही घळ एकदा मान्य केली की नवव्या चित्रपटातलं मोठं कोडं आपोआप जाग्यावर बसतं. तिथे जोराचा पाऊस होतो, खोऱ्यात नवं पाणी साचतं आणि त्या पाण्यात लिटलफुटला मो भेटतो. मो हा ऑफ्थॅल्मोसॉरस, म्हणजे समुद्रात राहणारा इक्थिओसॉर. समुद्री जनावर डोंगरांच्या कुशीतल्या खोऱ्यात आलं कसं? धबधबा चढून तर नक्कीच नाही. पण खालच्या अंगाने नदी समुद्राला मिळत असेल, तर महापुरात एखादं नादान पिल्लू भलत्या तोंडातून वर शिरू शकतं. देवमासे आणि डॉल्फिन आजही क्वचित नद्यांमध्ये बरेच आत भरकटतात. इक्थिओसॉर फुप्फुसांनी श्वास घेत, तेव्हा गढूळ गोड्या पाण्यात तो लगेच गुदमरणार नव्हता. मग पोरं त्याला बिग वॉटरपर्यंत, म्हणजे समुद्रापर्यंत सोडायला जातात. एवढ्या छोट्या पायांना जमतं, याचा अर्थ समुद्र फार लांब नाही.

इथे नकाशा काढणाऱ्याला एक बक्षीस मिळतं. पहिल्या चित्रपटात पोरं पूर्वेकडून आली, ओसाड जमीन, डांबराची डबकी, जळते डोंगर सगळं तुडवत आली, पण समुद्र त्यांना लागला नाही. मग समुद्र खोऱ्याच्या पश्चिमेला असला पाहिजे. पूर्वेला डोंगर, मध्ये खोरं, नदी पश्चिमेला उतरते आणि समुद्राला मिळते. एवढा भाग मी शाईने काढायला तयार आहे.

अडचण पाचव्या चित्रपटाची. तिथे टोळधाड येऊन खोरं बोडकं करते, सगळे कळप अन्नाच्या शोधात बाहेर पडतात, वाळवंटातून चालून चालून थकतात आणि मोठ्यांपासून फुटलेली पोरं शेवटी एका मोठ्या पाण्याच्या काठी पोचतात. समुद्र इतका जवळ असताना एवढी पायपीट कशाला? पण कळप पाला शोधत होता, पाणी नाही. शहाणा कळप वाटेतल्या खाऱ्या किनाऱ्याकडे पाठ फिरवून पुढे गेला असेल, तर पाचव्या चित्रपटातला किनारा नवव्यातल्यापेक्षा वेगळा निघतो. मोठं पाणी दिसलं की हे सगळे त्याला बिग वॉटरच म्हणणार. त्यांच्याजवळ दुसरं नाव नाही आणि दोन समुद्र जोडलेले आहेत की वेगळे, हे त्यांना कळायला मार्गही नाही.

दोन समुद्रांची कल्पना ओढूनताणून आणलेली वाटेल, पण खऱ्या भूगर्भशास्त्रात तिला आधार आहे. क्रिटेशस काळात उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र पसरला होता. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेलेल्या या पाण्याने खंडाचे दोन तुकडे केले. पश्चिमेकडच्या तुकड्याला लॅरामिडिया म्हणतात. टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स इथले. या तुकड्याच्या पूर्वेला तो आतला समुद्र, पश्चिमेला प्रशांत महासागर, मध्ये नव्याने उचलले जाणारे डोंगर आणि ज्वालामुखी. पूर्वेच्या सखल मैदानातून निघून मावळतीकडे चाललात तर जळते डोंगर लागणार आणि पलीकडे पुन्हा समुद्र. लिटलफुटच्या आईने सांगितलेला रस्ता लॅरामिडियावर विनातक्रार बसतो.

या मालिकेतल्या काळाच्या घोटाळ्याबद्दल सगळेच बोलतात. स्टेगोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स यांच्यात सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर, तर ट्रायसेराटॉप्स आणि आपल्यात ६.६ कोटी. स्पाइक आणि सेरा एकत्र खेळणं हे सेरा आणि आपण एकत्र खेळण्यापेक्षाही अवघड. पण जागेचा विचार कुणी करत नाही. अ‍ॅपॅटोसॉरस आणि स्टेगोसॉरस सापडतात वायोमिंग, कोलोरॅडो, युटा या भागातल्या मॉरिसन थरांत. ट्रायसेराटॉप्स आणि टी-रेक्स सापडतात मोंटाना, वायोमिंग आणि दक्षिण डकोटामधल्या कितीतरी नंतरच्या थरांत. टेरॅनोडॉन जातीचा पेट्री आणि पाचव्या चित्रपटात पोरांना पाठीवरून नेणारी एल्सी, म्हणजे इलास्मोसॉरस, हे दोघेही कॅन्ससच्या खडकातून आलेले, जिथे तेव्हा तो आतला समुद्र होता. म्हणजे ही सगळी मंडळी खरोखरच एकमेकांची शेजारी आहेत, फक्त वेगवेगळ्या मजल्यांवरची. मालिकेचं कॅलेंडर पार चुकलंय, पत्ता मात्र बराचसा बरोबर आहे.

नकाशा जुळवणाऱ्यांच्या हाती एक हुकमी पान असतं: भूकंप झाला, जमीन बदलली. या पानाचा मोह फार. चित्रपटच ते हातात देतात. चौथ्या भागातली लँड ऑफ मिस्ट्स ही एके काळी लाँगनेकांची राहती जागा होती. हवामान बदललं आणि तिथे दलदल नि धुकं झालं. पण हे पान दर डावाला टाकलं तर कोडं सोडवण्यात राम काय राहिला? मी स्वतःपुरता नियम ठेवलाय: पडद्यावर जी उलथापालथ दिसते तेवढीच मान्य, मनाची जोड द्यायची नाही. सातव्या चित्रपटात थ्रीहॉर्न पीक नावाचा डोंगर पेटलेला दिसतो, तेव्हा तो ज्वालामुखी आहे, मान्य. पहिल्या चित्रपटातल्या जळत्या डोंगरांपैकीच तो एक असेल का? असू शकतो, आणि मग तो खोऱ्याच्या पूर्वेला ठेवावा लागतो. चौदाव्यातला फायर माउंटनही त्याच रांगेत ठेवायला माझी हरकत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न मला चाहत्यांपेक्षा खोऱ्यातल्या रहिवाशांना विचारावासा वाटतो. तुमच्यात टेरॅनोडॉन आहेत. पंखांचा पसारा सहा मीटरहून जास्त. एक जण उंच उडून गोल चक्कर मारून आला तर दारं किती, नदी कुठे अडली, समुद्र कुठल्या बाजूला, सगळं तासाभरात कळेल. मग वर्षानुवर्षं पोरांना पायी पाठवून शोध का लावता? याचं उत्तर सातव्या चित्रपटात थोडंसं सापडतं. पेट्रीचा मामा टेरॅनो याने ग्रेट व्हॅलीकडे येताना कळपातल्या काहींना आपल्या मागे वेगळ्या वाटेने नेलं आणि ते सगळे शार्पटूथांच्या तावडीत सापडले. आकाशातून पाहणाऱ्याच्या शब्दावर विसंबून एकदा असे जीव गेल्यावर फ्लायरांच्या, म्हणजे उडणाऱ्यांच्या, सांगण्याला किती किंमत उरणार? आणि जमिनीवर जो जाणकार म्हणून मिरवतो, त्या आठव्या चित्रपटातल्या मिस्टर थिकनोजचं बिंग तर फुटतंच. पोरांना जगाची माहिती देणारा हा म्हातारा पॅकिरायनोसॉरस शेवटी कबूल करतो की त्याने यातलं काही पाहिलेलं नाही, सगळं ऐकीव आहे. विशेष म्हणजे याच चित्रपटात बर्फ पडतं, आणि पॅकिरायनोसॉरसाचे जीवाश्म अलास्कातही मिळालेत. बर्फ बघायची सगळ्यात जास्त शक्यता ज्याच्या जातीची, तोच नुसता सांगोवांगीवर गुरुजी झालेला. मालिकेतल्या सगळ्या दिशा, अंतरं आणि धोके अशाच तोंडांतून आपल्यापर्यंत येतात. त्यामुळे एखाद्या पात्राचं बोलणं आणि पडद्यावर दिसणारी जमीन यांत विरोध आला, तर मी बेलाशक जमिनीची बाजू घेतो.

या नियमांनी बहुतेक गाठी सुटतात. एक सुटत नाही: चॉम्पर. हे टी-रेक्सचं पिल्लू. दुसऱ्या चित्रपटात पोरं त्याचं अंडं चुकून खोऱ्यात आणतात आणि शेवटी ते आपल्या आईबापांकडे जातं. पाचव्यात ते तिघे एका बेटावर राहताना भेटतात. बेट किनाऱ्याला जमिनीच्या अरुंद पट्ट्याने जोडलेलं असतं, पण पोरं ओलांडून जातात न जातात तोच प्रचंड लाटेने तो पट्टा वाहून जातो. पोरांना एल्सीच्या पाठीवर बसून परतावं लागतं, चॉम्परचं कुटुंब बेटावरच राहतं. आणि २००७ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तोच चॉम्पर रुबी नावाच्या ओव्हिरॅप्टरसोबत मिस्टीरियस बियाँडमधून चालत ग्रेट व्हॅलीत राहायला येतो!

पट्टा पुन्हा तयार झाला असेल का? वाळू-गोट्यांचे असे पट्टे लाटा मोडतात आणि लाटाच परत बांधतात, पण त्याला वेळ लागतो आणि चॉम्पर मधल्या काळात मुळीच मोठा झालेला दिसत नाही. आठव्या चित्रपटातल्या थंडीत समुद्र गोठला असेल? खोऱ्यात बर्फ पडलं म्हणून खारा समुद्र चालण्याइतका गोठेल, हे पटत नाही. राहिला तिसरा मार्ग, पोहण्याचा. स्पेनमधल्या ला रिओहा भागात क्रिटेशस काळातल्या पाण्याच्या तळावर मांसाहारी डायनासोरच्या नखांचे ओरखडे सापडलेत. पाण्यात तरंगत, मागचे पाय मारत गेलेल्या प्राण्याच्या त्या खुणा आहेत. तेव्हा दोन दांडग्या टी-रेक्सना सामुद्रधुनी पार करता आली असती, पिल्लू पाठीवर घेऊन. मला हाच मार्ग सगळ्यात कमी खोटा वाटतो. फक्त तो मान्य केला की पाचव्या चित्रपटाच्या शेवटी सगळे ज्या पाण्याच्या भरवशावर निश्चिंत झाले, ते पाणी शार्पटूथांना कधीच अडवत नव्हतं, आणि मग त्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकलेल्या कळपांनी त्या रात्री पहाऱ्याला कुणाला बसवलं होतं, हे शोधायला पाचवा चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो.